टोकाशी रुंदावणारे अक्षर

ऑप्टिमा या टाइपचा कॅपिटल ‘आय’ पडद्यावर घ्यावा आणि पानभर होईल एवढा मोठा करावा. लहान आकारात जो साधा उभा दांडा दिसत होता, त्यात आता एकही सरळ रेघ सापडत नाही. दोन्ही कडा वरून खाली येताना हळूहळू आत सरकतात, मध्यावर एकमेकींच्या सर्वांत जवळ असतात आणि पायाशी पुन्हा दूर जातात. दांड्याच्या एकूण जाडीपुढे हा फरक अगदी थोडा. पण तेवढा काढून टाकला तर ऑप्टिमा उरत नाही. या वहीतली बरीच टिपणे त्या थोड्याशा फरकाबद्दल आहेत.

*

रोमन छापील अक्षरांची सर्वसाधारण वाटणी दोन गटांत होते. एका गटातल्या अक्षरांना माथ्याशी आणि पायाशी छोट्या आडव्या पट्ट्या असतात. त्या सेरिफ. दुसऱ्या गटात त्या नसतात. ऑप्टिमाला पट्ट्या नाहीत, म्हणून अनेक याद्यांत त्याला सरळ दुसऱ्या गटात बसवलेले असते. परंतु त्या गटातल्या बहुतेकांची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची दिसते आणि ऑप्टिमात जाड-बारीक स्पष्ट आहे. ‘ओ’च्या कुशी भरलेल्या आहेत, माथा आणि तळ बारीक आहे. दांडा टोकाशी रुंदावतो आणि सेरिफ फुटण्याच्या आधीच थांबतो. अशा अक्षरांना फ्लेअर्ड, म्हणजे टोकाशी रुंदावणारी, म्हणतात.

*

1950 सालचा ऑक्टोबर. जर्मन अक्षररचनाकार हेरमान झाफ इटलीत हिंडत होते. वय एकतीस. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांची थडगी आहेत. येणारा माणूस ती बघायला मान वर करतो. झाफ यांचे लक्ष खाली गेले. तिथली जमीन थडग्यांच्या शिळांनी भरलेली आहे. त्यांतल्या काहींवरच्या अक्षरांना सेरिफ नव्हते, तरी जाड-बारीक होते आणि टोके रुंदावलेली होती. जवळ कागद नव्हता. त्यांनी हजार लिरांच्या नोटेवर ती अक्षरे उतरवून घेतली.

या भेटीतून ऑप्टिमा निघाला. रेखाटने 1952पासून सुरू झाली. फ्रँकफर्टच्या डी. श्टेम्पेल या टाइप फाउंड्रीने 1958मध्ये टाइप बाजारात आणला.

*

सान्ता क्रोचेतली अक्षरे एकटीदुकटी नव्हेत. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सचे शिल्पकार नेमकी अशीच कॅपिटल अक्षरे कोरत होते. सेरिफवाले रोमन वळण पुढे सगळीकडे रूढ झाले आणि हे वळण मागे पडले. छपाईच्या अक्षरांनी तर ते जवळजवळ उचललेच नाही. खिळे पाडणाऱ्यांनी लेखणीची पुस्तकी अक्षरे आणि प्राचीन रोमची कोरीव अक्षरे यांच्याकडे पाहिले. झाफ यांनी पाचशे वर्षे बाजूला पडलेली ही शक्यता उचलली आणि तिच्यातून मोठ्या मजकुराला पुरेल असा संपूर्ण संच उभा केला. त्यातली लहान लिपी त्यांना स्वतः घडवावी लागली, कारण थडग्यांवर फक्त कॅपिटल अक्षरे होती.

*

दगडात टोक रुंद का होते? लांबून पाहताना रेघेचे टोक डोळ्याला गोल आणि पुसट वाटू लागते. टोकाशी थोडे अधिक रुंद कोरले की रेघ कुठे संपली ते नीट कळते. छिन्नीच्या कामात ही गरज सावली-उजेडातून भागते.

एडवर्ड कॅटिच हे अमेरिकेतले कॅथलिक पाद्री आणि सुलेखनकार. 1968च्या त्यांच्या ग्रंथाने वेगळीच बाजू मांडली. त्यांच्या मते रोमन शिलालेखांची अक्षरे आधी चपट्या कुंचल्याने दगडावर रंगवली जात आणि मग कोरली जात. सेरिफ हे कुंचला टेकवण्याच्या आणि उचलण्याच्या हालचालीतून आले. मला हे पटते. चपट्या कुंचल्याने एक उभी रेघ ओढून बघावी: टेकवताना जरा वळण, मध्ये सैल हात, शेवटी पुन्हा दाब. टोके आपोआप रुंद येतात. म्हणजे दगडातल्या अक्षरातही हाताचा दाब शिल्लक असतो. ऑप्टिमाचा दांडा मला तसा वाचता येतो.

*

झाफ यांना व्हायचे होते विद्युत अभियंता. जन्म न्यूरेंबर्गचा, 1918चा. वडील कामगार संघटनेत होते. 1933मध्ये नाझी सत्तेवर आले, वडिलांची नोकरी गेली, काही काळ ते डाखाऊच्या छळछावणीत होते. मुलाला तांत्रिक शिक्षणाची दारे बंद झाली. शेवटी एका छापखान्यात छायाचित्रांवर हात फिरवून ती छपाईजोगी करण्याच्या कामावर उमेदवारी मिळाली.

1935मध्ये न्यूरेंबर्गमध्ये जर्मन अक्षरकार रुडॉल्फ कॉख यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. कॉख आदल्या वर्षीच वारले होते. सतरा वर्षांच्या आतला हा मुलगा ते बघून आला, कॉख आणि इंग्लंडचे सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांची पुस्तके त्याने मिळवली आणि चपट्या टोकाचा टाक घेऊन घरी गिरवायला बसला. त्याला शिक्षक नव्हता. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या अक्षरकारांपैकी एकाचे शिक्षण हे एवढेच.

*

आज टाइप एका माणसाच्या नावावर लागतो. धातूच्या काळात तो किमान दोघांचा असे. झाफ कागदावर काढत. श्टेम्पेलचे ऑगस्ट रोझेनबर्गर ते पोलादात कापत. पंच म्हणजे पोलादी सळईच्या टोकावर उलटे कोरलेले अक्षर. ते मऊ धातूत ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचे मिश्रण ओतून खिळा पाडायचा. पंचावरची चूक प्रत्येक खिळ्यावर उतरते.

सरळ कड असलेला दांडा कापणे त्यातल्या त्यात सोपे, कारण कानस सरळ चालवता येते. जवळजवळ सरळ दिसणारी वक्र कड हे भिंगाखालचे, श्वास धरून करायचे काम. या दोघांनी ऑप्टिमाच्या आधी एक पुस्तकही एकत्र केले होते. झाफ यांच्या सुलेखनाच्या पाट्या रोझेनबर्गर यांनी युद्धकाळात धातूत कोरल्या आणि ते पुस्तक 1949मध्ये निघाले. त्यातली तालीम ऑप्टिमाला कामी आली असणार.

*

सुरुवातीला झाफ यांच्या डोळ्यांपुढे शीर्षकांचा टाइप होता. 1954मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे मनरो व्हीलर यांनी तो पुस्तकाच्या मजकुरासाठीही करावा असे सुचवले. झाफ यांनी सल्ला मानला आणि लहान लिपीची मापे पुन्हा बसवली. त्यांनी सुवर्ण गुणोत्तर धरले होते. कॅपिटलांची घडण मात्र रोमच्या ट्रेजन स्तंभावरच्या इ.स. 113च्या शिलालेखाशी नाते सांगते: ‘ई’, ‘एफ’, ‘एल’ अरुंद, ‘ओ’ जवळजवळ पूर्ण गोल, ‘एम’चे पाय बाहेर पसरलेले. त्यामुळे कॅपिटलांत लिहिलेल्या शब्दाला चाल येते. सगळी अक्षरे एकाच रुंदीच्या चौकटीत कोंबलेल्या टाइपात ही चाल मिळत नाही.

*

ऑप्टिमाचे तिरके अक्षर वर्षानुवर्षे फिके राहिले, याचे कारण यंत्रात आहे. लायनोटाइप यंत्रात पितळी साच्यावर एकाखाली एक अशी दोन अक्षरे असत, सहसा उभे आणि त्याचे तिरके. साचा एक, म्हणून दोघांची रुंदी एक. खरे इटॅलिक स्वभावाने उभ्यापेक्षा अरुंद आणि वाहते असते. ते या चौकटीत गुदमरते. म्हणून ऑप्टिमाचे तिरके म्हणजे उभेच अक्षर कलते केलेले.

2002मध्ये ऑप्टिमा नोव्हा आला. त्र्याऐंशीच्या घरातल्या झाफ यांनी जपानी अक्षररचनाकार अकिरा कोबायाशी यांच्यासोबत सगळा संच पुन्हा तपासला आणि खरे इटॅलिक घडवले. यंत्र केव्हाच गेले होते, त्याने घातलेले बंधन मात्र चव्वेचाळीस वर्षे टिकले होते.

*

वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकावर पुतळा नको, स्तंभ नको, फक्त नावे हवीत, हे माया लिन यांनी ठरवले तेव्हा त्या येल विद्यापीठात शिकत होत्या. वय एकवीस. स्पर्धेत 1,421 प्रस्ताव आले होते आणि परीक्षकांपुढे कुणाचेही नाव नव्हते. 13 नोव्हेंबर 1982 रोजी स्मारकाचे लोकार्पण झाले तेव्हा भिंतीवर 57,939 नावे होती. नंतर आणखी भर पडली. नावे वर्णानुक्रमे नाहीत. ज्या क्रमाने माणसे पडली त्या क्रमाने आहेत.

ती सगळी नावे ऑप्टिमात आहेत. सगळी कॅपिटलांत. अक्षराची उंची जेमतेम 1.35 सेंटिमीटर. सार्वजनिक स्मारकावर अक्षरे लांबून वाचता यावीत एवढी मोठी ठेवण्याची रीत आहे. इथे नाव वाचायचे तर भिंतीशी जावे लागते, एका माणसाला एका नावापुढे उभे राहावे लागते. लोक कागद लावून वर पेन्सिल घासतात आणि नाव घरी नेतात.

*

त्या भिंतीचा काळा ग्रॅनाइट बंगळुरूचा आहे. भारतातून निघालेला दगड अमेरिकेत व्हर्मॉन्ट राज्यातल्या बॅरी गावी गेला. तिथे कापला, घासला, चकाकवला गेला. पुढे टेनेसीतल्या मेम्फिस इथे त्यावर छायाचित्रण पद्धतीने अक्षरांचे आवरण चढवून वाळूच्या माऱ्याने नावे उमटवली.

दगडाची लकाकी आणि अक्षराची बारीक रेघ ही दोन्ही एकत्र पाहायला हवीत. आरशासारख्या काळ्यात वाचणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि त्यावरून करडी नावे जातात. जाडजूड अक्षर तिथे चेहरा झाकून टाकते. सगळीकडे एकाच जाडीची रेघ असलेले अक्षर हजारोंच्या ओळींत कारखान्यातल्या यादीसारखे दिसते. लांब बारीक सेरिफ इतक्या लहान आकारात वाळूच्या माऱ्यापुढे टिकत नाहीत. ऑप्टिमाला तुटण्याजोगे टोक नाही, आणि तरी प्रत्येक टोक स्पष्ट आहे. दगडातून उचललेले अक्षर बत्तीस वर्षांनी दगडात परतले, आणि इथेही ते मृतांच्या नावांसाठीच आले.

*

न्यूयॉर्कच्या 9/11 स्मारकात दोन प्रचंड हौदांच्या कठड्यांवर 2,983 नावे आहेत. 2011मध्ये ते खुले झाले. तिथेही ऑप्टिमा. पण काम उलटे आहे: ब्राँझच्या पत्र्यातून नावे आरपार कापली आहेत. दिवसा ती काळोखी दिसतात, रात्री आतला उजेड त्यांतून येतो. नावांची मांडणी नात्यांवरून केली आहे. एकत्र काम करणारी, एकत्र प्रवास करणारी माणसे शेजारी शेजारी आहेत.

त्या नावांत इंग्रजी, इटालियन, आयरिश, स्पॅनिश, चिनी, अरबी आहेत, भारतीयही आहेत. एखाद्या टाइपात एखाद्या भाषेचा किंवा काळाचा वास इतका गडद असतो की परकी नावे त्यात उपरी दिसतात. ऑप्टिमात कुठलेच नाव उपरे दिसत नाही. स्मारकाच्या टाइपकडून मला ही पहिली अपेक्षा आहे.

*

हेच अक्षर एस्टी लॉडरच्या प्रसाधनांच्या डब्यांवर आहे. एकाच टाइपने स्मशानात आणि सौंदर्याच्या दुकानात कसे बसावे, असे विचारणारे भेटतात. उत्तर अक्षरातच आहे. ऑप्टिमा आवाज चढवत नाही आणि अंगावर दागिना घालत नाही. हा स्वर शोकाला लागतो, तसा नेमस्त सौंदर्यालाही लागतो. आपल्याकडे एकच राग विरहाला चालतो आणि भक्तीलाही.

2008च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉन मॅकेन यांच्या प्रचारफलकांवर ठळक ऑप्टिमा होता. मॅकेन 1967पासून 1973पर्यंत व्हिएतनाममध्ये युद्धकैदी होते. ज्या अक्षरांत त्यांच्या मृत सोबत्यांची नावे कोरली आहेत त्याच अक्षरांत त्यांचे नाव आले. ते जाणून केले असो वा नसो, पाहणाऱ्याला जोड लागली.

*

या कुळातला थोरला भाऊ अल्बर्टस. बर्थोल्ड वोल्पे हे ऑफेनबाखला रुडॉल्फ कॉख यांच्या हाताखाली तयार झाले. ते ब्राँझमध्ये अक्षरे करत: भोवतालचा धातू काढून टाकायचा, अक्षर उठावात ठेवायचे. ती पाहून मोनोटाइप या टाइप कंपनीचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यांनी 1932मध्ये त्यांना कंपनीसाठी टाइप करायला सांगितले. वोल्पे ज्यू होते. 1935मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पुढे फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेच्या मुखपृष्ठांवर त्यांनी आयुष्य घालवले. लंडनच्या सिटी भागातल्या रस्त्यांच्या पाट्या अल्बर्टसमध्ये आहेत.

अल्बर्टस ठाशीव आणि कोनदार. बाहेरून आत कापत गेलेल्या हत्याराची धार त्यात दिसते. ऑप्टिमा आतून बाहेर दाब देणाऱ्या हाताचा. एक कॉखच्या कार्यशाळेतला, दुसरा कॉखचे प्रदर्शन बघून घरी शिकलेला. दोघेही टोक रुंद करतात आणि दोघांचे टोक वेगळे.

*

चांगल्या अक्षराची चोरी फार सोपी. अमेरिकेच्या कायद्यात टाइपच्या आकाराला प्रताधिकार नाही. नाव राखता येते, रूप नाही. म्हणून ऑप्टिमाची रूपे ओरॅकल, ओमेगा, झाफ ह्युमनिस्ट, क्लासिको अशा नावांनी फिरली. फोटोटाइपसेटिंगच्या काळात एक फिल्म मिळाली की सहा वर्षांचे काम एका दुपारी उतरवता येई. झाफ याविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले. 1973चा व्हिएन्ना करार अक्षररूपांच्या संरक्षणासाठी झाला, पण पुरेशा देशांची मान्यता न मिळाल्याने तो अमलात आला नाही.

फुकट मिळालेला फॉन्ट वापरण्याआधी हे आठवावे. अक्षर हे कुणाच्या तरी हातचे काम आहे. आपण कवितेच्या पुस्तकाची झेरॉक्स विकायला ठेवत नाही.

*

संगणकाच्या पहिल्या काळात ऑप्टिमाचे हाल झाले. हिशेब करून पाहावा. 300 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 300 ठिपके छापणाऱ्या, प्रिंटरवर 12 पॉइंटाच्या अक्षराची पूर्ण चौकट 50 ठिपक्यांची. त्यात उभा दांडा चारेक ठिपके रुंद. मध्यावरचा आवळ अर्ध्या ठिपक्याएवढाही भरत नाही. मग यंत्रापुढे दोनच वाटा: आवळ विसरून दांडा सरळ करायचा, किंवा एक अख्खा ठिपका खाऊन पायरी पाडायची. पहिल्या वाटेने अक्षर निर्जीव होते, दुसरीने रोगट.

पडद्यावर तर याहून वाईट. हे सगळे बदलले ते दाट ठिपक्यांचे पडदे आणि छपाईच्या चांगल्या प्लेट आल्यावर. ऑप्टिमाला नाजूक मानणाऱ्यांनी तो आता पुन्हा पाहावा.

*

मराठी-इंग्रजी द्वैभाषिक कामात ऑप्टिमा घेतला की शेजारची देवनागरी निवडताना घाम फुटतो. कारणे दोन.

पहिले: देवनागरीत दांड्याचे वरचे टोक शिरोरेषेला मिळते. रुंदावायला मोकळे टोक खालचे एकच. ‘एच’ला चार मोकळी टोके आहेत, ‘म’ला उभ्या दांड्याचे एक. म्हणून रोमनचे टोक उचलून देवनागरीच्या दांड्याला लावले तर अक्षर खाली जड आणि वर आखडलेले दिसते.

दुसरे: जाड-बारीकाची दिशा. बोरूचा काप आपल्याकडे उलट तिरका असतो. रोमनमध्ये डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड होते; देवनागरीत खालून वर उजवीकडे चढणारी. दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या की वजने एकमेकींच्या विरुद्ध झुकतात.

त्यामुळे देवनागरी जोडीदाराने ऑप्टिमाची नक्कल करू नये. त्याने स्वतःच्या घरातून तेच काम करावे: काना मध्यावर किंचित आवळावा, शिरोरेषेला मिळताना हलके रुंद व्हावे, वेलांटी आणि उकार बोरू उचलल्याच्या जागी नीट कापलेले संपावेत, जाड-बारीक मध्यम ठेवावे. हाताने लिहिणाऱ्याला यातले काही सांगावे लागत नाही.

*

वापरताना पाळाव्यात अशा गोष्टी.

कॅपिटलांत ओळ असेल तर अक्षरांत जागा सोडावी. ट्रेजनच्या वंशातल्या अक्षरांना हवा लागते.

रुंदी ताणू नये. अक्षर 120 टक्के रुंद केले की उभे दांडे वीस टक्क्यांनी जाड होतात आणि आडव्या रेघा होत्या तेवढ्याच राहतात. ज्या गुणोत्तरासाठी माणसाने सहा वर्षे घालवली ते एका खेचण्यात मोडते.

संगणकाचे नकली ठळक वापरू नये. ते कडांना सारखी जाडी चढवते, त्यामुळे टोकाचा आणि मध्याचा फरक बुजतो.

सेरिफवाल्या टाइपसोबत घ्यायचा तर एकाच पानावर दोघांना समान मान देऊ नये. एक बोलेल, दुसरा साथ करेल.

*

झाफ 4 जून 2015 रोजी डार्मश्टाट इथे वारले. पॅलाटिनो त्यांचा, झाफिनो त्यांचा. पत्नी गुड्रुन झाफ-फॉन हेसे याही मोठ्या अक्षरकार होत्या. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्यासोबत गणिताच्या छपाईसाठी झाफ यांनी ऑयलर हा टाइप केला, म्हणजे धातूत सुरू झालेला माणूस समीकरणांच्या संगणकापर्यंत गेला. शिसे, फिल्म, आकडे ही तिन्ही माध्यमे त्यांनी हाताळली आणि तिन्हींत हाताची चाल राखण्याचा हट्ट धरला. ऑप्टिमाच्या दांड्यातला आवळ हा त्या हट्टाचा सर्वांत लहान आणि सर्वांत टिकाऊ पुरावा आहे.

*

आपल्या गावोगावी हुतात्म्यांच्या, देणगीदारांच्या, शाळेच्या संस्थापकांच्या शिळा उभ्या राहतात. दगडावर पैसा खर्च होतो, उद्घाटनावर होतो. अक्षर मात्र कोरणाऱ्याच्या संगणकात जो फॉन्ट असेल तो, आणि ओळीत मावत नसेल तर दाबून बसवलेला. नाव हीच त्या शिळेवरची मुख्य गोष्ट असते. जोडाक्षर फुटले, रफार सरकला, नाव चेपले, तर त्या माणसाचा मान राहत नाही.

वॉशिंग्टनच्या भिंतीकडून घेण्यासारखे आहे ते इथेच. त्यासाठी ऑप्टिमाच हवा असे नाही; मराठी नावाला मराठी हाताचे अक्षर हवे. शिळेचे काम काढाल तेव्हा दगडाच्या दरपत्रकाआधी एखाद्या सुलेखनकाराला बोलवा. सगळी नावे प्रत्यक्ष आकारात कागदावर काढून घ्या, कागद त्या जागेवर भिंतीला लावा आणि ज्यांच्या घरातली नावे आहेत त्यांना वाचायला बोलवा. त्यांनी होकार दिल्यावरच छिन्नी लावा.